सोफा, गाद्या, पडदे घरीच साफ करताना: गोव्यातल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

सोफा घरी कसा धुवावा, याचे सल्ले हवे तेवढे मिळतात. बहुतेकांत शेवटी एक छोटीशी ओळ असते: 'मग वाळू द्या.' जुलै महिन्यात फोंड्याला ही एक ओळ पाच दिवस चालते, आणि पाचव्या दिवशी सोफ्याला कुबट वास सुटतो. आपल्याकडे मळापेक्षा ओल जास्त नडते. म्हणून खालच्या उत्तरांत साबणापेक्षा पाण्याबद्दल आणि उन्हाबद्दल जास्त लिहिलं आहे. ओळखीपाळखीच्या लोकांनी वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं स्वतः करून, काही वेळा चुकून, शिकलेली.

ही सगळी सफाई काढायची कधी?

मे महिन्यात. आपण पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) करतो ना, सोलां (कोकमाची सालं) वाळवतो, मिरच्या वाळवतो, खारं भरून ठेवतो, त्याच पंधरवड्यात गाद्या, उशा, जाड पडदे, सोफ्याची कव्हरं हे सगळं एकदा धुऊन, कडकडीत उन्हं दाखवून घ्यावं. जून ते सप्टेंबर कापड फक्त सांभाळायचं, धुवायला काढायचं नाही.

अडचण अशी की आपल्याला सफाईची आठवण येते ती चतुर्थीच्या आधी. म्हणजे ऐन पावसात. पाहुणे येणार, वसरीवर माणसं बसणार, म्हणून श्रावणात सोफा ओला करणारी घरं मी बघितली आहेत, आमचंही त्यातलंच होतं. चतुर्थीआधी कोरडी सफाई करा: झटकणं, ब्रश, व्हॅक्यूम, डागापुरता फेस, वर धुतलेली चादर. खरी धुलाई पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात.

एक सूचना, हसू नका. गाद्या आणि खारे बांगडे एकाच अंगणात एकाच दिवशी वाळत घालू नयेत.

सामान काय लागतं? किती खर्च येतो?

धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, पांढरं विनेगर, भांडी घासायचं लिक्विड, औषधाच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. हे सगळं दोनशे-अडीचशे रुपयांत बसतं आणि वर्षभर पुरतं. शिवाय मऊ केसांचा ब्रश, फवाऱ्याची बाटली आणि जुन्या सुती साड्यांचे किंवा पंच्यांचे तुकडे. तुकडे पांढरेच घ्या; रंगीत फडक्याचा रंग ओल्या सोफ्यावर उतरला की एका डागाचे दोन होतात.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. धुण्याचा बराच तिखट असतो. तो सुती चादरी, उशांची कव्हरं, पडदे यांच्यासाठी. रेशीम आणि लोकरीला लावायचा नाही, हातालाही बरा नाही. खाण्याचा सोडा सौम्य, वास ओढून घ्यायला उपयोगी.

मोठा व्हॅक्यूम क्लीनर नसला तरी चालतं. शेजारणीचा एक दिवस मागून आणा. तेवढा हक्क असायलाच हवा.

आमच्या सोफ्याच्या कापडाला पाणी चालतं की नाही, हे कसं कळणार?

बैठकीच्या गादीखाली किंवा सोफ्याच्या तळाला एखादी चिठ्ठी शिवलेली सापडते का बघा. 'डब्ल्यू' असेल तर पाणी चालतं. 'एस' म्हणजे पाणी नाही, फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण. दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतं. 'एक्स' असेल तर फक्त ब्रश किंवा व्हॅक्यूम, बाकी काही नाही.

इथल्या सुताराकडून करून घेतलेल्या सोफ्याला अशी चिठ्ठी नसतेच. मग मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात जे लावणार आहात त्याचा थेंब टाका, पांढरं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला किंवा कापड आकसलं, तर थांबा. हा दहा मिनिटांचा कंटाळा मी एकदा केला होता. निळ्या खुर्चीवर अजून फिकट गोल आहे आणि त्यावर कायम उशी ठेवलेली असते.

बरं, मग सोफा साफ करायचा कसा?

आधी माझं फसलेलं सांगते. एका पावसाळ्यात सोफा साफ करणाऱ्या माणसाला घरी बोलावलं. त्याने मशीनने साबणपाणी मारलं, मशीननेच ओढून घेतलं, वरून कापड छान दिसू लागलं. 'रात्रीपर्यंत वाळेल' म्हणाला. बाहेर तीन दिवस झड लागलेली. वरचं कापड दुसऱ्या दिवशी कोरडं लागत होतं, पण बसलं की खालून गारवा यायचा. आठवड्याने चेन उघडून बघितलं तर फोमवर मिरी सांडावी तसे काळे ठिपके. फोम फेकावा लागला. सफाईच्या पैशांपेक्षा नवा फोम कापून घ्यायला कितीतरी जास्त गेले.

फोम म्हणजे स्पंज. आत गेलेलं पाणी वरून पुसून येत नाही, आणि ओल एक-दोन दिवस टिकली की बुरशी धरते. म्हणून सोफ्याला पाणी लावायचंच नाही, फेस लावायचा.

तांब्याभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा घालून ते रवीने घुसळा. ताकाची रवी नको, जुनी असेल ती. वर पांढरा, घट्ट फेस जमतो, लोणी यावं तसा. तो फेस फक्त हाताने उचलून ब्रशवर घ्यायचा, खालचं पाणी तसंच राहू द्यायचं. त्याआधी सोफा कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने नीट झाडलेला हवा, नाहीतर धूळ भिजून तिचा चिखल होतो. वीतभर जागा घ्या, फेस हलक्या हाताने फिरवा, लगेच घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने दाबून घ्या. फडक्यावर काळं येतंच, आणि ते बघायला विचित्र बरं वाटतं. तसंच पुढची वीत. डागापुरतं साफ करून थांबलात तर तेवढाच तुकडा उजळ दिसतो, म्हणून शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भाग करावा.

नंतर पंखा सोफ्याच्या दिशेने, खिडक्या उघड्या. बाहेर पाऊस असेल तर खिडक्या बंद आणि एसी 'ड्राय' वर. गाद्या सुट्या असतील तर उभ्या करून ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागला पाहिजे. हात लावून कोरडं वाटतं तेव्हा आतून अजून वाळलेलं नसतं. आणखी एक दिवस द्या.

मखमल असेल तर ब्रश एकाच दिशेने, लव बसलेली असते त्या दिशेने. दाबून घासू नका. दबलेली लव उठवायला इस्त्रीची वाफ चार बोटं अंतरावरून द्यावी, इस्त्री टेकवू नये.

खाण्याचा सोडा आणि विनेगर एकत्र केलं की जोरदार फसफसतं. ते चांगलं ना?

बघायला चांगलं. विनेगरमधलं आम्ल आणि सोड्यातलं अल्क एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. सांडलेलं मोरीत ढकलायला त्या फसफशीचा उपयोग असेल, कापडाला नाही. सोडा वेगळा वापरा, विनेगर वेगळं वापरा. वास घालवायला सोडा, साबणाचा पांढुरका थर आणि साबण लागून लाल झालेली हळद यांवर विनेगर.

माडाचं विनेगर चालेल का? घरात तेच आहे.

नको. त्याला स्वतःचाच तपकिरी रंग असतो, आणि वासही. ते स्वयंपाकघरातच राहू दे. दुकानातलं स्वस्त, पाण्यासारखं स्वच्छ विनेगर घ्या, निम्मं पाणी घालून वापरा.

लाल मातीचे डाग जात नाहीत. उलट ब्लीच लावल्यावर जास्तच पिवळे पडले.

पडणारच. आपल्या मातीचा लाल रंग म्हणजे लोहाचा गंज. ब्लीच लोहाला आणखी गंजवतं. डिचोली, साखळीकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. खाणींच्या ट्रकांची धूळ ज्यांनी दोरीवरच्या चादरींवरून झटकली आहे, त्या मातीच्या डागाला ब्लीच लावत नाहीत.

ओला चिखल पुसू नका. नेमकं हेच सुचतं आणि हेच करायचं नसतं, कारण पुसलं की माती धाग्यात शिरते. वाळू द्या, मग नखाने आणि ब्रशने पाडा. निम्म्याहून जास्त तशीच जाते. उरलेल्याला साबणाची पूड कोमट पाण्यात कालवून लावा, अर्धा तास ठेवा, धुवा. त्यानंतरही नारिंगी छटा राहिली तर ती गंजाची. तिचा उपाय पुढच्या प्रश्नात.

चादरीवर लोखंडी पलंगाच्या गंजाचे वळ उठले आहेत. काय करू?

परसात बिंबलाचं (छोट्या काकडीसारख्या आंबट फळाचं) झाड असेल तर तुम्ही नशीबवान.

आमच्या लग्नातली पांढरी चादर जुन्या लोखंडी कॉटच्या कडेला अडकून राहिली होती. पावसाळाभर. काढली तेव्हा काठाला हातभर लांब तपकिरी रेघ. दोनदा धुतली, तशीच. शेजारच्या मावशींनी दोरीवर बघितली आणि कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गो बाये, बिंबलां चोळ आनी वतांत दवर." म्हणजे बिंबलं चोळ आणि उन्हात ठेव. चार बिंबलं मधोमध चिरली, चिमूटभर मीठ लावून कापलेली बाजू रेघेवर घासली. आंबट पाणी सुटून कापड ओलं झालं, तसंच उन्हात पसरून ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी बघितलं तर रेघ फिकट चहासारखी झाली होती. पुन्हा घासली. तिसऱ्या खेपेला कुठे होती ते शोधावं लागलं.

कारण साधं आहे. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते गंज विरघळवून कापडापासून सोडवतं. पितळेची समई बिंबलाने लखलखते ती याच आम्लामुळे. पण म्हणूनच काम झालं की भरपूर पाण्याने धुवायचं. आम्ल सुती धाग्यात वाळून राहिलं तर कापड तिथे विरतं. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात बघा, रेशमावर नकोच. हाताला चीर असेल तर झोंबेल.

बिंबलं नसतील तर लिंबू आणि मीठ, फक्त वेळ जास्त लागतो. हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक आम्लाची पूडही मिळते, पण ती विषारी असते. मुलं असलेल्या घरात मी ती आणत नाही.

हुमण (माशाची नारळाच्या रसातली आमटी) सांडलं. साबण लावल्यावर पिवळा डाग लालभडक झाला!

घाबरू नका, डाग वाढलेला नाही. हळद अल्कात लाल होते. कुंकू असंच करतात, हळदीला चुना किंवा पापडखार लावून. लिंबू किंवा विनेगर लावलं की पुन्हा पिवळी.

आधी चमच्याने रस्सा खरवडून घ्या. हुमणात नारळाचं तेल असतं, ते आधी भांड्यांच्या लिक्विडने काढा. मग थंड पाण्याने धुऊन थेट उन्हात घाला. हळदीचा रंग उजेडात तुटतो, म्हणून तिच्यावर उन्हाइतका स्वस्त उपाय नाही. एका दुपारी गेला नाही तर डाग ओला करून दुसऱ्या दुपारी. पावसाळ्यात सांडलं असेल तर उन्हाच्या पहिल्या दिवसापर्यंत चादर बाजूला ठेवा आणि इस्त्री अजिबात करू नका, उष्णतेने डाग पक्का होतो.

सोफा उन्हात नेता येत नाही. तिथे औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड. आपल्याकडे बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के होतं. कापसाच्या बोळ्याने टिपून लावा. ते कापडाचा रंगही उतरवू शकतं, म्हणून कोपऱ्यातली चाचणी आधी. आणि तिथे माशाचा वास राहतोच, त्यावर रात्रभर खाण्याचा सोडा भुरभुरून सकाळी ब्रशने झाडून टाका.

काजूच्या बोंडूचा रस, फणसाचा चीक, भिरंडाचं (कोकमाचं) पाणी?

तिन्ही वेगळे आहेत.

फणसाचा चीक पाण्याने जात नाही, साबणाने आणखी चिकटतो. खोबरेल तेल चोळा, चीक गोळा होऊन सुटतो. मग तेलाचा डाग लिक्विडने काढा. विळीला आणि हाताला तेल लावून फणस कापतो, तेच शास्त्र इथेही.

भिरंडाचा किंवा सोलांचा लालजांभळा रंग ताजा असताना थंड पाण्याने बराच जातो. सोडा लावला तर रंग बदलून निळसर-हिरवट होतो, तेव्हा सोडा नको. विनेगर-पाणी लावा, मग साध्या साबणाने धुवा.

बोंडूचं खरं सांगायचं तर, ताजा असेल तोवर आशा. लगेच थंड पाण्याखाली धरा, मग साबणाची पूड. पांढऱ्या सुती कापडावर पेरॉक्साइडने फिका होतो. दोन दिवस जुना, तपकिरी पडलेला डाग पूर्ण गेलेला मी तरी बघितलेला नाही. काजू वेचायला आणि बोंडू मळायला लोक फाटके कपडे घालतात ते उगाच नाही. मार्च-एप्रिलमध्ये बागेतून आलेल्या मुलांना सोफ्यावर बसू देऊ नका, एवढाच उपाय.

सोफ्याच्या पाठीला डोक्याच्या तेलाचा काळा गोल झाला आहे.

प्रत्येक घरात असतो, आणि बहुतेक वेळा आजोबांच्याच जागेवर. मुलतानी माती, मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर जाड थराने लावा, रात्रभर ठेवा. सकाळी ब्रशने झाडा. पावडर पिवळट होऊन पडली म्हणजे तेल ओढलं गेलं. जुन्या गोलाला दोन-तीन रात्री लागतात. मग वर सांगितलेला फेस. आणि नंतर तिथे एक सुती टॉवेल टाकून ठेवा. आजोबा रागावतील, पण बसतील.

उशीच्या कव्हरांना आणि पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या खोळींना कढत पाण्यात धुण्याचा सोडा (बादलीला दोन मोठे चमचे) घालून तासभर भिजवा. घामाच्या पिवळेपणावर ब्लीच मारू नका, आणखी पिवळा होतो.

उशा मशीनमध्ये घालाव्यात का?

फायबरच्या असतील तर दोन एकदम घाला, म्हणजे मशीन एका बाजूला हेलकावत नाही. सावरीच्या किंवा कापसाच्या असतील तर धुवायच्या नाहीत, आत गोळे होतात. त्यांना फक्त ऊन आणि काठी.

गादीवर डाग आहेत, आणि झोपलं की शिंका येतात.

शिंका बहुधा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे. त्यांना दमट हवा आवडते, म्हणजे गोवा आवडतो. चादरी आणि खोळी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या की ते मरतात. मशीन एवढं तापवत नसेल तर कढत पाण्याच्या बादलीत अर्धा तास.

कापसाची गादी: सकाळी नऊच्या सुमाराला उन्हात, दुपारी उलटवून दुसरी बाजू, काठीने झोडून चारच्या आत घरात. त्यानंतर दव आणि दमट वारा धरतो, दिवसभराचं ऊन वाया जातं. आत आणल्यावर लगेच चादर घालू नका, गार होऊ द्या.

काथ्याची आणि फोमची गादी: खाण्याचा सोडा चाळणीने भुरभुरवा, दोन-तीन तास ठेवा, व्हॅक्यूम करा. डागाला फेस, नंतर पेरॉक्साइड, कमीत कमी ओलं. काथ्यात पाणी मुरलं की ते बाहेर काढायचा मार्ग नाही. फोमला कडक ऊनही जास्त वेळ नको, तो पिवळा पडून भुगा होतो. सावलीतला वारा बरा.

गादी भिंतीला चिकटून आणि थेट फरशीवर ठेवू नका. खालून ओल चढते आणि ती आपल्याला महिन्याने दिसते.

बुरशी. कपाटात, सोफ्यामागे, पडद्यांच्या खालच्या टोकाला. दर वर्षी.

दर वर्षीच येणार. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि बुरशीला साठच्या वर काहीही चालतं. ती मुळापासून घालवता येत नाही, तिची सोय बिघडवता येते.

दिसली तर घरात झटकू नका. हीच सगळ्यात मोठी चूक. बीजाणू उडून पुढच्या चार ठिकाणी बसतात. ती वस्तू जपून गुंडाळून बाहेर न्या, नाकाला फडकं बांधा, तिथे कोरड्या ब्रशने झाडा. ब्रश नंतर गरम पाण्याने धुवा. मग ऊन. पाऊस थांबल्यावर दोन तासांचं मिळालं तरी वाया घालवू नका.

धुता येणारं कापड असेल तर विनेगर-पाण्यात तासभर भिजवून मग साबणाने धुवा. पांढऱ्या सुती कापडावर काळे ठिपके राहिले तर बादलीभर पाण्यात पाव कप ब्लीच, दहा-पंधरा मिनिटं, नंतर भरपूर पाणी. रंगीत कापडाला ब्लीचऐवजी ऑक्सिजनवाली डाग काढायची पूड. कधीकधी बुरशी मरते आणि तिचा रंग तेवढा राहतो. तो ठिपका दिसतो म्हणून पुन्हापुन्हा ब्लीच करत बसलात तर कापडाला भोक पडेल.

न धुता येणाऱ्या सोफ्याला: आधी ब्रश, मग विनेगर-पाण्याने दमट केलेलं (ओलं नव्हे) फडकं, मग पंखा.

वाटीत मीठ किंवा कोळसा ठेवतात, त्याचा उपयोग बंद कपाटात थोडा होतो. उघड्या खोलीत काही होत नाही, मांडवी नदी ओंजळीने उपसण्यातला प्रकार. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, याने जास्त फरक पडतो, आणि फुकट. कपाटाची दारं रोज अर्धा तास उघडी टाका, पण पाऊस पडत असताना नव्हे.

पडदे धुताना आखडतात.

सुती असतील तर पहिल्यांदा आखडणारच, म्हणून शिवतानाच दोन बोटं जास्त ठेवून घ्यावेत. गार पाणी, सौम्य साबण. हुक आधी काढा, नाहीतर खोळीत घालून बांधा. मागून रबरी अस्तर असलेले, उजेड अडवणारे पडदे कढत पाण्यात घालू नका आणि पिळू नका, अस्तराचे पापुद्रे निघतात. धुतलेला पडदा दमट असताना सरळ दांडीवर अडकवला की स्वतःच्या वजनाने सुरकुत्या जातात, इस्त्री वाचते. ही युक्ती नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात तोच पडदा दांडीवर कुबट होतो.

मुलाने किंवा कुत्र्याने गादीवर शू केली.

आधी दाबून टिपा, अंगठ्याच्या जोराने, फडकी बदलत. मग विनेगर-पाणी शिंपडा, पुन्हा टिपा. कोरडं होत आल्यावर खाण्याचा सोडा, रात्रभर. कुत्र्याला वास आला की तो त्याच जागी पुन्हा जातो, म्हणून त्याच्या बाबतीत एन्झाइमवालं द्रावण घेण्याचा खर्च मला पटतो. फिनेल ओतू नका.

रक्ताचा डाग?

गार पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजून बसतं, अंड्यासारखं. मग साबण, उरलं तर पेरॉक्साइड.

पेनची शाई? फेणीने जाते म्हणतात.

मद्यार्काने जाते हे खरं, फेणीत तो ४० टक्क्यांच्या वर असतो. पण औषधाच्या दुकानातलं स्पिरिट जास्त तीव्र आणि स्वस्त आहे. खाली फडकं ठेवून वरून बोळ्याने टिपा. फेणी आल्या-गेल्यासाठी राहू द्या.

रेक्झिनचा सोफा आणि वेताच्या खुर्च्या?

रेक्झिन साबणपाण्याच्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. स्पिरिट आणि ब्लीचने तो तडकतो. पापुद्रे निघायला लागले की त्यावर औषध नाही, कव्हर शिवा.

वेताची जाळी सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने कोमट पाण्याच्या फडक्याने जाळी चांगली भिजवा आणि उन्हात वाळू द्या. वेत वाळताना आकसतो, जाळी ताणून बसते. जुन्या घरांतल्या राजांगणातल्या खुर्च्या अशाच टिकल्या आहेत. मधली वेत तुटली असेल तर मात्र विणणाराच हवा.

काय कशात मिसळायचं नाही?

ब्लीचमध्ये विनेगर, लिंबू, बिंबल किंवा संडास साफ करायचं आम्ल, यांपैकी काहीही नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर नाही. पेरॉक्साइड आणि विनेगर एका बाटलीत भरून ठेवायचं नाही. शक्यतो ब्लीचचा दिवस वेगळाच ठेवा, खिडक्या उघड्या. बाटल्यांवर नावं लिहा. थंड पेयाच्या बाटलीत ब्लीच भरून ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती भयंकर आहे.

पावसाळ्यासाठी जाड पांघरुणं, वाकळी कशा ठेवायच्या?

पूर्ण वाळलेल्या. दमट वाकळ प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली तर सप्टेंबरात पिशवीत बाग उगवलेली सापडते. मेच्या उन्हात दोन दिवस, मग सावलीत गार करून सुती खोळीत. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाला थेट लागू देऊ नका, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं बघा, आणि त्याच कपाटात कापूर नको.

कधी माणूस बोलवावा आणि कधी नाद सोडावा?

कापडावर 'एस' असेल, रेशमी असेल, किंवा सोफा मोठा आणि अंगात ताकद नसेल तर बोलवा. फक्त नोव्हेंबर ते मे या काळात, आणि सकाळी लवकर या असं सांगून. वाळवायला पंखा आणणार का, हे फोनवरच विचारा. यावर जो गडबडतो त्याला नको.

पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलेली गादी, आतून काळा पडलेला फोम, ढेकूण शिरलेला जुना सोफा यांवर साबण आणि रविवार खर्च करू नका. फोम बदला, कापड चांगलं असेल तर तेच धुऊन पुन्हा चढवा. काळ्या ठिपक्यांचा आमचा तो फोम कचऱ्याच्या गाडीत गेला, पण गादीचं कव्हर अजून टिकून आहे: शिवून त्याची पिशवी केली, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला तीच नेते.